भैरूचा होकार

"बोलावल्यावर येनारा मानूस आमच्या कामाचा नाय, पोरी. न बोलावता येल असा ठेव."

चांगुणाबाईंनी हे सांगितलं तेव्हा दीक्षाला सातवा महिना लागला होता आणि तिचं निम्मं लक्ष पोटातल्या लाथांकडे होतं. कळंबोलीत, ट्रक उभे राहतात त्या मैदानाच्या मागे, स्वतःचं स्वतः सांभाळता न येणाऱ्या मोठ्या माणसांच्या 'आधारवेल' नावाच्या निवासाच्या अंगणात दोघी बसल्या होत्या. रविवार होता, भेटीचा दिवस. चांगुणाबाईंचा मुलगा भैरू समोर मांडी घालून तांदळाच्या भाकरीबरोबर सुकट खात होता. चाळिशी ओलांडलेला, कानशिलांवर पांढरा झालेला आणि जन्मापासून एकही शब्द न बोललेला. बोलणं त्याच्याबद्दलच चाललं होतं, पण त्याचा जीव भाकरीत होता.

"हो आजी, बघते," दीक्षा म्हणाली. जे करायचं नसतं त्याला आपण ज्या सुरात 'बघते' म्हणतो, त्याच सुरात.

"बघू नको. लिव. तुज्या कागदात लिव."

दीक्षा हसली आणि पुढच्या पालकांकडे वळली. पालकांची मतं घेणं हा तिच्या कामाचा भाग होता, आणि मतं तर सगळेच देत होते. कुणाला पंखा हवा होता, कुणाला मुलासाठी बायको.

दीक्षा बेलापूरला एका फाउंडेशनमध्ये नोकरीला होती. उरणकडच्या एका मोठ्या वखार कंपनीचं ते फाउंडेशन. समाजकार्यातली पदवी घेऊन ती तिथे लागली आणि तिच्या वाट्याला आलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे 'बाजूमित्र' योजना. कल्पना साधी होती. ज्या मोठ्या माणसांना स्वतःचं म्हणणं मांडता येत नाही, त्यांच्या बाजूने बोलायला एक माणूस द्यायचा. तो संस्थेचा नोकर नको आणि घरचाही नको. घरच्यांना त्यांच्या अडचणी असतात, संस्थेला तिच्या. बाजूमित्राने फक्त एवढंच बघायचं की या माणसाला काय हवंय, आणि ते चारचौघांत ठणकावून सांगायचं. हे काम कुणाला द्यायचं ते ठरवणं, त्यांच्याशी करार करणं आणि त्या कराराच्या अटी लिहिणं दीक्षाकडे होतं.

अटींवर अडलं ते एकाच ठिकाणी. आधारवेलचे संचालक नंदकुमार सर स्वतः बेलापूरला आले. मऊ बोलणारा माणूस. येताना दीक्षासाठी शहाळं घेऊन आले होते, अशा दिवसांत चांगलं म्हणून.

"मॅडम, तुम्हीच आम्हाला शिकवता ना, की याला संस्था म्हणू नका, घर म्हणा?" ते म्हणाले. "मग कुणाच्या घरी आपण असे टपकतो का? कुणी आंघोळीला बसलेलं असतं, कुणाला फिट आलेली असते. दार उघडंच आहे. फक्त आम्ही बोलावलं की यावं, एवढं लिहा."

दीक्षाला ते पटलं. खरं तर फारच पटलं. खांदेश्वरच्या त्यांच्या वन बीएचकेत सुगतचे नातेवाईक फोन न करता यायचे आणि तिचं डोकं उठायचं. पाहुणा असो वा बाजूमित्र, रीत ती रीत. तिने लिहिलं, 'निवासाच्या बोलावण्यावरून बाजूमित्र भेट देईल.' तिच्या वरिष्ठ राजश्री मॅडमनी वाचून मान डोलावली. "कुणी दुखावणार नाही असं लिहिलंयस," त्या म्हणाल्या, आणि दीक्षाला ती शाबासकी वाटली.

काम मिळालं प्राचीच्या गटाला. प्राची दीक्षाच्याच कॉलेजची, दोन वर्षं पुढची, मनापासून काम करणारी मुलगी. आधारवेलमध्ये तिची ओळख करून दिली, फोटो झाले, आणि दीक्षा बाळंतपणाच्या रजेवर गेली.

मुलगी झाली. आजोबांनी हट्टाने संघमित्रा नाव ठेवलं आणि घरात तिची मितू झाली.

पुढचं दीड-दोन वर्ष दीक्षाचं मितूकडे बघण्यात गेलं. म्हणजे सगळ्याच आया बघतात, पण ही पहारा दिल्यासारखी बघायची. कारण मितू बोलेना. सोसायटीतली तिच्या वयाची पोरं 'काऊ', 'दे', 'नको' म्हणायला लागली, वॉचमनला 'अंकल' म्हणायला लागली, आणि मितू नुसती डोळे मोठे करून बघायची. दीक्षा तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवायची. मितू वळायची. म्हणजे कान ठीक. मग काय?

"मी पण लेट बोललोय. आईला विचार," सुगत म्हणायचा. तो उरणला एका कंटेनर यार्डात क्लार्क होता. "आणि आता बघ, गप्प बसतो का?"

"डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"थांबा म्हणाले ना. मग थांब की. टेन्शन घेऊन पोरगी बोलणार आहे का?"

दीक्षा थांबायची. पण भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तोच विचार मनात घर करायचा, की ही बोललीच नाही तर? आपण आहोत तोवर ठीक. नंतर हिला कोण विचारेल, तुला काय हवंय? आणि विचारलं तरी हिचं उत्तर कोणाला कळेल? हा विचार तिने सुगतला कधी सांगितला नाही. सांगितला की तो खरा होईल, अशी तिला भीती होती.

मधल्या काळात रजा संपवून ती कामावर परतली तेव्हा बाजूमित्र योजना अगदी जोरात चालली होती. प्राचीचे अहवाल यायचे. नाश्त्याला पोहे की उपमा, याबद्दल रहिवाशांचं मत घेतलं. दिवाळीच्या कंदिलाचा रंग रहिवाशांनी निवडला. टीव्हीवर काय लावायचं, यावर बैठक झाली.

"आख्ख्या कळंबोलीतला पोह्यांचा प्रश्न मी सोडवलाय," प्राची एकदा चहा पिताना म्हणाली. ती हसत होती, पण पुरती नाही. "ते असल्याच गोष्टींसाठी बोलावतात गं. मारामारी झाली, कुणाला कोंडून ठेवलं, असलं काही कानावर येतं ते नंतर. तेव्हा मला बोलावणं नसतं."

"तू विचारत नाहीस?"

"कुठल्या हक्काने विचारू? अटी तुझ्याच आहेत, दीक्षा."

त्यावर दोघींनी दुसरा चहा मागवला आणि विषय मितूच्या दातांवर गेला.

फोन आला तो पावसाळा सरल्यावर. अनोळखी नंबर, पण आवाज ओळखीचा निघाला. चांगुणाबाई मोरीत घसरून पडल्या होत्या, खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, पण उठणं काही जमेना. त्या उरणच्या बाजूला गावात पुतण्याच्या घरी पडून होत्या.

"मी गेली नाय ना आताशा भैरूकडं," त्या म्हणाल्या. "तं ते लोक बोलतान, याला बघायला कोन येत नाय. याला मुरबाडला पाठवतो."

दीक्षाला आधी कळेचना. मग थोडं थोडं करून उलगडलं. आधारवेलमध्ये खालचा मजला रिकामा करून तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी नवा विभाग काढायचा होता. खालच्या मजल्यावरच्या काही जणांना मुरबाडच्या पुढे, घाटाकडच्या शाखेत हलवायचं ठरत होतं. कोणाला हलवायचं? जे शांत आहेत, आणि ज्यांना भेटायला कुणी येत नाही. चांगुणाबाई अंथरुणाला खिळल्या आणि भैरू आपोआप त्यात जाऊन बसला.

"हितं कलंबोलीला हाय तं पुतन्या कवातरी गाडीवर घालून आनल त्याला, मना दाखवायला. मुरबाडला गेला तं मना कवा दिसल? मी आता किती रोज हाय?" मग त्या म्हणाल्या, "तुजा तो बोलनारा मानूस पाठव ना, बाय. त्याच्यासाटीच ठेवलाय ना त्यो?"

"पाठवते आजी," दीक्षा म्हणाली. या वेळी तिला खरोखर पाठवायचा होता.

तिने तिथल्या तिथे प्राचीला फोन लावला. प्राची म्हणाली, "मी आत्ता निघते, पण दारातून परत पाठवतील. मागच्या महिन्यात न बोलावता गेले होते, तर तिथून तुमच्या ऑफिसला तक्रार गेली. राजश्री मॅडमनी मला समज दिलीय, तुला माहीत नाही?"

दीक्षाला माहीत नव्हतं. ती राजश्री मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"कराराच्या मधेच अट बदलायची तर निवासाची सही लागेल. आणि ते का करतील?"

"मॅडम, माणसाचं राहायचं ठिकाण बदलतायत. यासाठी नाही तर बाजूमित्र कशासाठी?"

"मला मान्य आहे. पण लिहिलंय काय? तू लिहिलंयस ना." हे त्यांनी टोचून म्हटलं नाही. कपाटातली फाइल कुठल्या खणात आहे ते सांगावं तसं म्हटलं.

तिने पुतण्याला गाठलं. तो अवघडून बोलला. "ताई, काकू आमच्याकडं हाय, तिचं सगलं बायको करते. आता भैरू पन? आमी कुठं ठेवू? त्यांचा फोन आलता, मी हो बोललोय. काकूला सांगू नका."

शेवटी नंदकुमार सर. त्यांनी पहिल्या रिंगला फोन उचलला.

"अहो मॅडम, भैरूला विचारल्याशिवाय आम्ही काही करतो का? विचारलं. हो म्हणाला."

"सर, तो बोलत नाही."

"मान हलवली ना. आणि मुरबाडला हवा बघा, झाडं बघा. इथे काय, ट्रकचा धूर. ज्यांच्याबद्दल शंका असते तिथे आम्ही प्राचीताईंना बोलावतोच. भैरूच्या बाबतीत शंका नाही."

"मी येऊन भेटले तर?"

"ऑडिटचं काम आहे का काही? नाही? मग मॅडम, उगाच त्याचं मन अस्थिर होईल. नको."

दीक्षाने फोन ठेवला आणि खिडकीपाशी उभी राहिली. बोलायला पगारी माणूस नेमला होता, त्याला दार बंद. नेमणारी ती स्वतः, तिलाही बंद. मग त्या दारातून येतं-जातं कोण? आणि एकदम तिला आठवलं. वाढदिवसवाले.

शहरातल्या प्रत्येक आश्रमात, प्रत्येक निवासात ही पद्धत आहे. पोराचा वाढदिवस असला की लोक तिथे जेवण घालतात. खारघरच्या टॉवरांतून गाड्या येतात, फुगे येतात, मुलाच्या हाताने श्रीखंड वाढवतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना कुणी कारण विचारत नाही. आधारवेलच्या फाटकावरच लिहिलेलं आहे, 'आपला आनंदाचा दिवस आमच्यासोबत साजरा करा', आणि खाली नंबर.

मितूचा दुसरा वाढदिवस आठवड्यावर आला होता. दीक्षाने सुगतच्या नावाने त्या नंबरवर फोन केला.

"म्हणजे आपण वाढदिवस करतोय की धाड घालतोय?" सुगतने विचारलं.

"जेवण घालतोय."

"आई विचारतेय, घरी का नाही करत."

"सांग, पुण्य लागतं."

"आपल्यात कधीपासून पुण्य लागायला लागलं?" तो म्हणाला, पण पुऱ्यांची ऑर्डर त्यानेच दिली.

तिचा बेत असा होता. सगळ्यांदेखत भैरूला विचारायचं. मुरबाडचं नाव काढलं, गाडीचं नाव काढलं, की तो घाबरेल, आक्रसून जाईल, त्याच्या चेहऱ्यावर दिसेल ते. सुगत बघेल, स्वयंपाकवाल्या बघतील, खुद्द नंदकुमार सर बघतील. मग ते म्हणू शकणार नाहीत की शंका नाही. शंका आहे म्हटलं की प्राचीला बोलवावं लागेल. त्यांचंच वाक्य.

नंदकुमार सर दारात दीक्षाला बघून क्षणभर थबकले, मग दोन्ही हात जोडून हसले. "अरे वा, मॅडम, म्हणजे आमच्या मितूताईंचा वाढदिवस होय." जेवण घालायला आलेल्याला परत पाठवायची रीत तिथेही नव्हती.

रहिवासी वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये दोन्ही भिंतींना पाठ लावून बसले होते. इस्त्रीचे शर्ट, विंचरलेले केस, पुढ्यात ताटं. तिथे कामाला असलेल्या एका बाईने खूण केली आणि सगळ्यांनी हात जोडले. पुन्हा खूण केली, टाळ्या वाजल्या, गाणं झालं. ज्यांना येत होतं ते म्हणाले, बाकीच्यांनी तोंडं हलवली. दीक्षाला फुगे नकोसे झाले. तिच्या मनात आलं, आपण इथे काय करतोय, आणि तरीही ती श्रीखंडाचं पातेलं घेऊन रांगेने वाढत भैरूपर्यंत आली.

मितू तिच्या आधीच तिथे पोचली होती. तिने भैरूच्या ताटातली पुरी उचलली. भैरूने तिच्याकडे बघितलं आणि ताट तिच्या बाजूला सरकवलं. दोघं एका ताटात खाऊ लागली. कुणीच काही बोलत नव्हतं आणि दोघांनाही त्याची अडचण नव्हती.

नंदकुमार सर मोबाइल धरून मागेच होते. "आठवण म्हणून," ते म्हणाले. "प्रत्येक वाढदिवसाचा व्हिडिओ आम्ही पाठवतो."

दीक्षा गुडघ्यांवर बसली. तिला वाटलं, बरंच झालं, रेकॉर्ड होऊ दे.

"भैरूदादा," ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुम्हाला मुरबाडला जायचंय? इथून दूर, गाडीत बसून? जायचंय तुम्हाला?"

भैरूने वर बघितलं. तिच्याकडे नाही, तिच्या मागे उभ्या असलेल्या सरांकडे. आणि मान हलवली. खाली-वर, दोनदा, नीट. मग पुरीकडे वळला.

"आणि इथे राहायचंय?" तिने घाईने विचारलं. "इथेच, आईजवळ?"

त्याने पुन्हा तशीच मान हलवली. तेवढीच, तशीच. आता तिच्या लक्षात आलं की हा काहीही विचारलं तरी हेच करणार. 'तुला फाशी देऊ का' म्हटलं तरी हेच. मान हलवली की विचारणारा उठून जातो, हे त्याला कुणीतरी, कधीतरी शिकवलं होतं. हे सरांना दाखवायला तिने मागे वळून बघितलं, तर सरांनी मोबाइल खिशात टाकला होता.

"सर, हे पण घ्या ना, त्याने आत्ता—"

"झालं की, मॅडम. छान आलंय."

"सुगत, फोन काढ," ती म्हणाली. पण सुगत तिथे नव्हता. तो कागदी ताटं आणायला खाली गेला होता, आणि मितूही ताटापाशी नव्हती. दीक्षाने उघड्या दाराकडे बघितलं. मितू जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या काठावर उभी राहून खाली वाकून बघत होती.

आई धावणार नाही तर काय करणार? तिने पोरीला उचललं, छातीशी घट्ट धरलं, तिथेच भिंतीला टेकून श्वास घेतला. परत आत आली तेव्हा खरकटी ताटं उचलली होती आणि भैरूला हात धुवायला नेलं होतं. "आता त्यांची झोपायची वेळ," बाई म्हणाल्या आणि मधलं दार लोटून घेतलं.

पुढचं फार पटकन झालं. आधारवेलची बैठक झाली, ठराव झाला, भैरू आणि आणखी काही जण मुरबाडला गेले. दीक्षाला कळलं ते राजश्री मॅडमकडून. त्यांनी तिला बोलावलं आणि आपला मोबाइल पुढे केला. फुगे, टाळ्या, मितूचा मागून दिसणारा डोक्यावरचा रिबिनीचा बो, आणि दीक्षाचा खणखणीत आवाज, 'तुम्हाला मुरबाडला जायचंय?' भैरूची मान. व्हिडिओ तिथे संपत होता.

"बैठकीत हेच दाखवलं त्यांनी," राजश्री मॅडम म्हणाल्या. "की खुद्द फाउंडेशनच्या अधिकाऱ्याने, बाहेरच्या माणसाने, घरच्या वातावरणात, कुठलाही दबाव नसताना विचारलं. आणि त्याने हो म्हटलं. आता मी काय बोलू, सांग. तूच विचारलंस ना?"

"त्याने दुसऱ्या प्रश्नालाही हो म्हटलं, मॅडम. त्याच्या उलट्या प्रश्नाला."

"ते कुठे आहे?"

ते कुठेच नव्हतं. स्वयंपाकवाल्या बायांनी सांगितलं, आम्ही वाढत होतो, लक्ष नव्हतं. प्राचीने एक लांबलचक ईमेल लिहिली, तिचा करार संपल्यावर त्याचं नूतनीकरण झालं नाही. दुसऱ्या गटाला काम दिलं. अट तीच राहिली, कारण तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दीक्षाने जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज केला. त्याचं उत्तर अजून यायचंय. उत्तर येईल तेव्हा त्यांच्याही समोर तोच व्हिडिओ असेल, हे तिला माहीत आहे.

ती उरणला गेली. न सांगता राहणं तिला जमलं नसतं. चांगुणाबाईंची खाट खिडकीशी लावलेली होती. बाहेर, जिथे एके काळी त्यांची मिठागरं होती, तिथे कंटेनर एकावर एक रचलेले होते आणि खोलीत दुपारीही दिवा लावावा लागत होता.

दीक्षाने सगळं सांगितलं. श्रीखंड, व्हिडिओ, मान. काही गाळलं नाही. फक्त पुतण्याच्या होकाराबद्दल बोलली नाही.

चांगुणाबाईंनी छताकडे बघत ऐकलं. "तो मानच हलवतो, बाय," त्या म्हणाल्या. "लहानपनी साळंत घातलावता त्याला, तितं मास्तर मारायचा. तवापासून शर्टप्यांटवाला मानूस दिसला की मान हलवतो." दीक्षा वाट बघत होती की आता त्या म्हणतील, मी तुला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं.

"तिकडं थंडी लई पडते का?"

"पडते, आजी."

"त्याचा डावा कान फुटतो थंडीत. पानी येतं. कापूस घालाया लागतो नि कोमट तेल. तो सांगनार नाय. नुस्ता त्या कुशीवर झोपत नाय, त्यावरून वलखायचं. त्यांना म्हाईत हाय का?"

दीक्षाला ते माहीत नव्हतं. तिने मुरबाडच्या शाखेत फोन केला, तिकडून 'हो हो, बघतो' आलं. तो सूर तिला चांगला ओळखीचा होता.

ती मुरबाडलाही जाऊन आली. सुगतने सुट्टी घेतली, मितूला सासूबाईंकडे ठेवलं, कल्याणवरून एसटीने गेली दोघं. शाखा रस्त्यापासून आत आहे, लाल पत्र्याचं छप्पर, पुढे मोठं लोखंडी फाटक. फाटकावरच्या माणसाने दीक्षाकडे बघितलं, मोबाइल काढला, त्यातलं काहीतरी बघितलं आणि पुन्हा तिच्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्हाला सोडायचं नाही म्हणून सांगितलंय."

"फळं आणलीत आम्ही," सुगत म्हणाला.

"फळं द्या ना. फळं घेतो."

फळं फाटकावरून आत गेली. दीक्षा गजांतून बघत राहिली. अंगणात तीन-चार जण उन्हाला बसले होते. त्यांच्यात भैरू होता की नाही, एवढ्या लांबून कळलं नाही. एकाने पाठ केलेली होती, तो असावा असं तिला वाटलं. सुगत म्हणाला, नाही, तो जाड आहे. त्यावरून परतीच्या वाटेवर दोघांचं थोडं वाजलं.

मितू अजून बोलत नाही. स्पीच थेरपी चालू केलीय, नवीन पनवेलला. पण गेल्या काही दिवसांत ती एक गोष्ट शिकली. काही विचारलं की मान हलवते. दूध हवंय? मान. बाहेर जायचं? मान. सासूबाईंनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं, सगळ्यांना केवढं कौतुक. सुगत तिला परत परत विचारून हसत होता. दीक्षा उठून आत गेली आणि तिने न पेटवलेल्या शेगडीवर पातेलं ठेवलं.

चांगुणाबाई फोन करतात. आधी आठवड्याला करायच्या, आता जमेल तसा. एकच विचारतात, कुणी गेलंवतं का. दीक्षा म्हणते, नाही आजी, अजून नाही. खोटं बोलावंसं तिला वाटतं, पण बोलवत नाही.

तिला तिथे सोडत नाहीत. प्राचीला सोडत नाहीत. पुतण्याला सवड नाही. म्हणून हे तुम्हाला सांगायचं. तुम्हाला तिथे कुणी ओळखत नाही. पावसात माळशेजला फिरायला जाता तुम्ही, थंडीतही जात असाल. मुरबाड सोडलं की थोडं पुढे उजवीकडे आत रस्ता जातो, लाल पत्रा लांबूनच दिसतो. आत जा. कानशिलांवर पांढरा झालेला, न बोलणारा भैरू कुठला ते विचारा. त्याच्याशेजारी जरा बसा. कुठल्या कुशीवर झोपतो ते तिथल्या कुणाला माहीत आहे का बघा. डाव्या कानात कापूस आहे का, तेवढं बघा. आणि असला किंवा नसला, जे असेल ते उरणला कळवा. म्हातारी अजून आहे, तोवर कळवा.